वाचकांचे प्रश्न : क्लाउडवरचा जुना लिनक्स सर्व्हर

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच दुखण्याची आहेत : क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवर, काही वर्षांपूर्वी उभारलेले लिनक्स मशिन, त्यावर त्याच काळातली सॉफ्टवेअर, आणि त्याला हात लावण्याची धास्ती. सारखे प्रश्न एकत्र करून आणि पत्रलेखकांची व त्यांच्या संस्थांची नावे गाळून उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेचे सभासद-नोंदणीचे संकेतस्थळ २०१८ पासून क्लाउडवरील एका मशिनवर चालू आहे. त्यावर उबुंटू १८.०४ हे लिनक्स, पाने पुरवणारा अपाचे, पाने तयार करणारी पीएचपी ७.२ ही भाषा आणि मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस आहे. ज्यांनी ते उभारले ते आता संस्थेत नाहीत आणि कागदोपत्री काहीच लिहून ठेवलेले नाही. संकेतस्थळ बिनतक्रार चालते. अशा चालत्या गोष्टीला हात लावावा का, आणि लावायचाच तर आहे त्याच मशिनवर आवृत्ती वाढवावी की नवे मशिन घ्यावे?

उत्तर : संकेतस्थळ चालते आहे आणि मशिन सुरक्षित आहे ही दोन निरनिराळी विधाने आहेत, आपल्या पत्रावरून त्यांतले पहिले तेवढे सिद्ध होते. आवृत्ती जुनी असणे हा मुळात दोष नव्हे. तिच्यात उद्या एखादे भगदाड सापडले तर ते बुजवणारा कोणी उरलेला नसणे, हा दोष. उबुंटू १८.०४ एप्रिल २०१८ मध्ये आली आणि तिची पाच वर्षांची सर्वसाधारण मुदत ३१ मे २०२३ रोजी संपली. पीएचपी ७.२ च्या दुरुस्त्या मूळ प्रकल्पाने नोव्हेंबर २०२० मध्येच थांबवल्या होत्या. त्यानंतरही अडीच वर्षे त्या आपल्या मशिनवर येत राहिल्या, कारण उबुंटूची मंडळी आपल्या वितरणातील, म्हणजे लिनक्ससोबत बांधून दिलेल्या सॉफ्टवेअरच्या संचातील, पीएचपी त्या वितरणाची मुदत संपेपर्यंत स्वतः सांभाळतात. मायएसक्यूएल ५.७ ची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तेव्हा हात लावावा की नाही यावर खल करण्यात अर्थ नाही. कसा लावावा, एवढेच ठरवायचे आहे.

आहे त्याच मशिनवर आवृत्ती वाढवता येते आणि त्यासाठी ‘डू-रिलीज-अपग्रेड’ ही कमांडही आहे. मात्र दीर्घ मुदतीच्या एका आवृत्तीवरून लगतच्या पुढच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरच जाता येते, मधली ओलांडता येत नाही. म्हणजे आपल्याला १८.०४ वरून २०.०४, तेथून २२.०४ आणि तेथून २४.०४ अशा तीन उड्या माराव्या लागतील. त्या प्रवासात पीएचपी ७.२ चे आधी ७.४, मग ८.१ आणि शेवटी ८.३ होईल. पहिल्याच उडीत मायएसक्यूएल ५.७ चे ८.० होईल, आणि डेटाच्या फायली एकदा ८.० च्या रचनेत गेल्या की त्या ५.७ ला पुन्हा वाचता येत नाहीत. दुसऱ्या उडीच्या मध्यावर काही अडले, तर मागे फिरायला स्नॅपशॉटखेरीज, म्हणजे डिस्कच्या आधी घेतलेल्या प्रतीखेरीज, दुसरे काही हाताशी नसेल, आणि तो परत बसवेपर्यंत संकेतस्थळ बंद राहील.

म्हणून माझे मत नव्या मशिनच्या बाजूने आहे. दोन आवृत्त्यांहून अधिक मागे पडलेल्या मशिनबाबत मी दुसरा सल्ला देत नाही. स्वतःचे लोखंडी यंत्र असते तर ‘दुसरे कोठून आणू’ हा प्रश्न रास्त होता. क्लाउडवर दुसरे मशिन काही मिनिटांत उभे राहते, गरज संपली की बंद करता येते, आणि तोवर जुने मशिन होते तसेच सेवा देत राहते. नव्या मशिनवर २४.०४ सरळ घाला. तिची सर्वसाधारण मुदत २०२९ पर्यंत आहे. एवढ्यात सवड नसेल, तर उबुंटू प्रो या योजनेत १८.०४ ला २०२८ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळू शकतात. वैयक्तिक वापरासाठी ती पाच मशिनांपर्यंत विनामूल्य आहे, संस्थांना वर्गणी भरावी लागते. तो मोकळा श्वास म्हणून घ्यावा. त्याच्या भरवशावर काम २०२८ पर्यंत ढकलू नये.

आता काम कोठून सुरू करायचे? कागद-पेन्सिलीपासून. मशिनवर नक्की काय काय चालते हे कोणालाच ठाऊक नाही, हेच आपल्या प्रकरणातले खरे अवघड आहे. कोणत्या पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) कोणता प्रोग्राम बसला आहे, हाताने बसवलेली पॅकेजे कोणती, अपाचेच्या मांडणीत किती संकेतस्थळे नोंदवलेली आहेत, आणि प्रत्येक वापरकर्त्याच्या क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, काय आहे, हे एकेक करून टिपून घ्या. क्रॉनकडे विशेष लक्ष द्या. रात्री अडीच वाजता चालणारी आणि कोणालाच आठवत नसलेली एखादी स्क्रिप्ट तेथे हमखास सापडते. बाहेरच्या कोणकोणत्या सेवा या मशिनला त्याच्या आयपी पत्त्यावरून ओळखतात, हेही पाहा. पैसे भरण्याच्या किंवा एसएमएस पाठवण्याच्या सेवेने आपला जुना पत्ताच परवानगीच्या यादीत ठेवलेला असेल, तर नव्या मशिनवर बाकी सारे बरोबर असूनही तेवढेच चालणार नाही.

मग बॅकअप. क्लाउडच्या नियंत्रण पानावरून डिस्कचा स्नॅपशॉट जरूर घ्या, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे ऐन कामात वीज गेल्यावर डिस्कची जी अवस्था असते तिचे चित्र. इनोडीबी प्रकारचे तक्ते त्यातून सावरतात. जुन्या संकेतस्थळांत राहून गेलेल्या मायआयएसएएम तक्त्यांची शाश्वती देता येत नाही. म्हणून ‘मायएसक्यूएलडम्प’ने डेटाबेसची स्वतंत्र प्रत काढा, ती मशिनबाहेर ठेवा आणि नव्या मशिनवर भरून पाहा. भरून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे, ती एक फाइल आहे. मायएसक्यूएलचा स्वतःचा अंतर्गत डेटाबेस मात्र ५.७ मधून ८.० मध्ये उचलून नेऊ नका. वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार नव्याने तयार करा.

नवे मशिन तयार झाले की जगाला कळू न देता ते तपासण्याची एक साधी युक्ती आहे. आपल्या स्वतःच्या संगणकावरील होस्ट्स फायलीत संस्थेच्या डोमेननावापुढे नव्या मशिनचा आयपी पत्ता लिहिला, की फक्त आपल्याला नवे संकेतस्थळ दिसते आणि बाकी सर्वांना जुने. नोंदणी करून पाहा, पासवर्ड विसरल्याचे नाटक करून पाहा, पावती छापून पाहा. अशी एक संपूर्ण रंगीत तालीम घ्या आणि जुन्या मशिनवरून शेवटची प्रत काढून ती नव्यावर भरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजा. प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी संकेतस्थळ किती वेळ बंद ठेवावे लागेल, ते या आकड्यावरूनच कळते.

बदलाच्या आदल्या दिवशी डीएनएसमधील, म्हणजे डोमेननावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतील, नोंदीची मुदत ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे पत्ता बदलल्यावर तो लोकांपर्यंत लवकर पोहोचेल. क्लाउडवर आपण राखीव आयपी पत्ता घेतलेला असेल तर हेही नको : तोच पत्ता जुन्या मशिनवरून सोडवून नव्याला जोडला की झाले, आणि वर सांगितलेल्या परवानगीच्या याद्यांचा प्रश्नही सुटतो. ऐन वेळी जुन्या मशिनवर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावून नव्या नोंदी थांबवा, शेवटची प्रत काढा, ती भरा आणि मग पत्ता फिरवा. पाटी न लावता पत्ता फिरवला, तर मधल्या काही मिनिटांत काही नोंदी जुन्या डेटाबेसात जातात आणि काही नव्या. त्या पुढे जुळवत बसणे हे मूळ कामापेक्षा मोठे काम होऊन बसते.

प्रश्न : वरीलप्रमाणेच आम्ही नव्या मशिनवर संकेतस्थळ हलवले. मुखपृष्ठ व्यवस्थित दिसते, परंतु स्पर्धेच्या निकालाचे पान पूर्ण कोरे येते. कोणतीही चूक दाखवत नाही. डेटाबेस भरताना एकही तक्रार आली नव्हती. दोष कोठे शोधावा?

उत्तर : कोरे पान ही पीएचपीची नेहमीची मूक तक्रार आहे. चूक पडद्यावर दाखवू नये अशी मांडणी असली, आणि सार्वजनिक मशिनवर ती तशीच असावी, की चूक काय झाली ते अपाचेच्या एरर लॉगमध्ये (चुकांच्या नोंदवहीत) लिहिले जाते आणि वाचकाच्या वाट्याला पांढरे पान येते. तेव्हा एका खिडकीत लॉगचा शेवट उघडा ठेवा, दुसऱ्या खिडकीत ते पान पुन्हा मागवा आणि त्या क्षणी उमटलेली ओळ वाचा. लॉग न वाचता कोडमध्ये इकडे तिकडे बदल करत सुटणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय.

निकालाचे पान आहे म्हणताच माझा संशय एका शब्दावर जातो : ‘रँक’. मायएसक्यूएल ८.० ने काही नवे शब्द स्वतःसाठी राखून ठेवले. त्यांत ‘रँक’, ‘ग्रुप्स’ आणि ‘सिस्टिम’ आहेत. आपल्या तक्त्यात गुणानुक्रमाच्या स्तंभाचे नाव इंग्रजी ‘रँक’ असेल, तर ५.७ मध्ये विनातक्रार चालणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, ८.० मध्ये व्याकरणाची चूक ठरते. प्रत भरताना काहीच अडले नाही याचे कारण असे, की डम्पमध्ये सर्व नावे उलट्या अवतरणचिन्हांत बांधलेली असतात. आपल्या कोडमध्ये ती तशी नसतात. हीच चिन्हे कोडमधील त्या नावाभोवती घातली की क्वेरी पुन्हा चालेल. त्यातच पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलशी बोलणाऱ्या मायएसक्यूएलआय या विस्ताराची रीत बदलली आहे. पूर्वी क्वेरी फसली तर तो नुसता ‘नाही’ असे सांगून गप्प बसे आणि पान अर्धेमुर्धे का होईना दिसे. आता तो अपवाद, म्हणजे काम थांबवणारा इशारा, फेकतो, आणि कोडने तो झेलला नाही तर पान तेथेच थांबते.

ज्या चुका पान कोरे पाडतात त्या एका अर्थी प्रामाणिक. ‘ईच’ आणि ‘क्रिएट-फंक्शन’ ही फंक्शने पीएचपी ८.० मधून काढून टाकली गेली. ती जुन्या कोडमध्ये असतील तर लॉग तसे स्पष्ट सांगतो. मला अधिक भीती वाटते ती न बोलता उत्तर बदलणाऱ्या गोष्टींची. पीएचपी ७ मध्ये रिकामी अक्षरमाला आणि शून्य यांची ढिली तुलना केली की दोन्ही समान ठरत, ८.० पासून ती समान नाहीत. अर्जातील ‘सवलत’ हा रकाना कोणी रिकामा सोडला आणि कोड ‘सवलत शून्य असेल तर पूर्ण शुल्क’ असे तपासत असेल, तर कालपर्यंत पूर्ण शुल्क लागत होते आणि आजपासून तो अर्ज दुसऱ्याच फाट्याला जाईल. लॉगमध्ये एक अक्षर उमटणार नाही. तसेच मायएसक्यूएल ५.७ मध्ये ‘ग्रुप बाय’ लावल्यावर उत्तर आपोआप क्रमाने लागून येई, ८.० मध्ये तो आयता क्रम मिळत नाही, ‘ऑर्डर बाय’ स्वतः लिहावे लागते. यादी तीच, माणसे तीच, फक्त क्रम विस्कटलेला. म्हणून पाने उघडतात की नाही एवढेच पाहून थांबू नये. जुन्या आणि नव्या मशिनवर एकच अहवाल काढून दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचाव्यात.

प्रश्न : नव्या मशिनवर सर्व काही चालते, पण डेटाबेसातील मराठी नावांच्या जागी टोप्या-टिंबे लावलेल्या रोमन अक्षरांची गिचमिड दिसते. पानांवरील इतर मराठी मजकूर ठीक आहे. नावे कायमची बिघडली आहेत काय?

उत्तर : बहुधा नाही. घाईने काही दुरुस्त करायला मात्र जाऊ नका, नाहीतर खरोखरच बिघडतील.

झाले असावे ते असे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. आपले जुने तक्ते ‘लॅटिन-१’ या रोमन अक्षरांच्या अक्षरसंचात आहेत आणि जुने संकेतस्थळही डेटाबेसशी लॅटिन-१ मध्येच बोलत होते. त्यामुळे ‘म’चे तीन बाइट तीन स्वतंत्र रोमन अक्षरे समजून साठवले गेले आणि तसेच परत दिले गेले, ब्राउझरने ते पुन्हा ‘म’ म्हणून वाचले. दोन्ही बाजूंनी एकच चूक होत असल्याने ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आली नाही. मायएसक्यूएल ८.० मध्ये ठरीव संच यूटीएफ-८-एमबी-४, म्हणजे मायएसक्यूएलमधील पूर्ण यूटीएफ-८, झाला, आपल्या कोडने संच स्पष्ट सांगितलेला नसल्याने नवे संभाषण त्यात सुरू झाले, आणि सर्व्हरने ती तीन ‘रोमन अक्षरे’ इमानेइतबारे यूटीएफ-८ मध्ये रूपांतरित करून हातात ठेवली. चूक आता एकाच बाजूला उरली, म्हणून ती दिसू लागली.

उपाय जुन्या मशिनवर करायचा आहे. तेथे डम्प काढताना संच लॅटिन-१ असल्याचे मुद्दाम सांगा, म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतील. निघालेली फाइल साध्या संपादकात उघडा. नावे शुद्ध मराठीत वाचता आली तर निम्मे काम झाले. मग त्या फायलीतील तक्त्यांच्या व्याख्यांत आणि सुरुवातीच्या संचाच्या ओळीत लॅटिन-१ च्या जागी यूटीएफ-८-एमबी-४ घाला आणि ती नव्या मशिनवर भरा. पुढे कोडमध्येही जोडणी होताच संच स्पष्ट सांगा.

भरताना एखाद-दुसऱ्या ओळीवर ‘अक्षरमाला अयोग्य’ अशा अर्थाची चूक आली तर दचकू नका. लॅटिन-१ मध्ये ५० अक्षरांचा स्तंभ म्हणजे ५० बाइट; त्यात देवनागरीची १६ चिन्हे बसतात आणि दोन बाइट उरतात. काना-मात्रा, वेलांटी, हलन्त आणि रिकामी जागा धरून नाव त्याहून लांब असेल, तर जुन्या सर्व्हरने ते गुपचूप कापले असेल, आणि कापताना शेवटच्या चिन्हाचा एखादा तुकडा मागे राहिला असेल. नवा सर्व्हर असे अर्धे चिन्ह स्वीकारत नाही. ती नावे स्थलांतरात नव्हे, फार पूर्वीच कापली गेली आहेत. मूळ अर्ज काढून ती हाताने पुरी करणे एवढाच मार्ग आहे.

प्रश्न : आमच्याकडे उबुंटू २२.०४ आहे आणि सर्व पॅकेजे अद्ययावत असल्याचे मशिन सांगते. तरीही सुरक्षा तपासणीच्या अहवालात ‘अपाचे २.४.५२ ही आवृत्ती जुनी व धोकादायक’ असा लाल शेरा आला आहे. लेखापरीक्षक ऐकत नाहीत. अपाचेचा मूळ कोड उतरवून नवी आवृत्ती स्वतः तयार करावी का?

उत्तर : करू नये. तसे केले तर आजचा शेरा जाईल, आणि यापुढे अपाचेमधील प्रत्येक दुरुस्तीची जबाबदारी कायमची आपल्या गळ्यात पडेल.

तपासणीचे साधन बहुधा बाहेरून फक्त २.४.५२ हा आकडा वाचते. दीर्घ मुदतीची वितरणे मात्र आकडा न बदलता दुरुस्ती मागे आणतात : मूळ प्रकल्पाने नव्या आवृत्तीत जे छिद्र बुजवले, त्याच छिद्राचे ठिगळ २.४.५२ च्या अंगावर शिवले जाते. बदलते ते पॅकेजच्या पूर्ण क्रमांकाचे शेपूट, जे बाहेरून दिसत नाही. त्या पॅकेजच्या बदलनोंदीत प्रत्येक बुजवलेल्या छिद्राचा सीव्हीई क्रमांक, म्हणजे त्या छिद्राचा सर्वत्र वापरला जाणारा नोंदक्रमांक, लिहिलेला असतो. अहवालातील क्रमांक घ्या, बदलनोंदीत शोधा, आणि जुळणाऱ्या ओळी लेखापरीक्षकांना लेखी पाठवा. जे क्रमांक सापडणार नाहीत तेवढ्यांचीच चर्चा उरते, आणि त्यांतले काही आपण न वापरलेल्या मॉड्यूलचे असतात. बाहेर आवृत्तीचा आकडाच दिसू नये अशी मांडणी करता येते. त्याने शेरा जातो, छिद्र असेल तर ते जात नाही.

सर्वांत नवे ते सर्वांत सुरक्षित, या समजुतीवरही एक प्रसंग आठवण्याजोगा आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकोचन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या मशिनमध्ये सुरक्षितपणे शिरण्याची सोय) वापरून केलेले लॉगिन सुमारे अर्ध्या सेकंदाने मंदावल्याचे खटकले आणि त्या धाग्यावरून तो उघडकीस आला. त्या आवृत्त्या तोवर मुख्यतः वितरणांच्या चाचणी शाखांपर्यंत पोहोचल्या होत्या. मुरलेल्या, दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या वापरणारे त्यातून सुटले.

प्रश्न : मी २०.०४ वरून २२.०४ वर त्याच मशिनवर एसएसएचद्वारे अपग्रेड केले. मधेच इंटरनेट तुटले. कसेबसे काम पूर्ण झाले. आता माझ्या संगणकावरून लॉगिन होते, परंतु कार्यालयातील एक जुने यंत्र रोज रात्री एसएसएचच्या ज्या किल्लीने (पासवर्डऐवजी वापरायच्या फायलीने) बॅकअप ओढत असे, ती किल्ली नाकारली जाते. किल्ली बदललेली नाही.

उत्तर : एकाच पायरीचा प्रवास असेल तर त्याच मशिनवर अपग्रेड करण्यास माझी हरकत नाही, पण तुटणारे इंटरनेट गृहीत धरूनच बसावे. एसएसएचवरून अपग्रेड सुरू केले की ‘डू-रिलीज-अपग्रेड’ ही कमांड १०२२ या पोर्टवर आणखी एक एसएसएच दरवाजा उघडून ठेवते, तो याचसाठी. मात्र क्लाउडच्या बाहेरच्या फायरवॉलची तिला कल्पना नसते; तेथे १०२२ तेवढ्यापुरता आपणच उघडावा लागतो, आणि काम झाल्यावर आठवणीने बंद करावा लागतो. काम टीमक्ससारख्या, जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या सत्रात चालवावे, आणि क्लाउडच्या नियंत्रण पानावरील सिरियल कन्सोलने आपल्याला आत शिरता येते की नाही हे आधी, सर्व ठीक असताना, पाहून ठेवावे. मशिन बंद पडल्यावर कन्सोलचा पासवर्ड शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. अपग्रेड मधे थांबलेच, तर अर्धवट पॅकेजे पुरी करण्याची डीपीकेजी या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाची ‘कॉन्फिगर’ ही सोय पहिली आठवावी.

अपग्रेड चालू असताना ‘तुमची मांडणीची फाइल ठेवू की नवी घालू’ असे प्रश्न येतात. घाईत सर्वांना एकच उत्तर देऊ नका. फरक दाखवण्याचा पर्याय तेथेच असतो. माझ्या हातून एकदा अशाच अपग्रेडनंतर अपाचेचे जुने पीएचपी मॉड्यूल निघाले आणि नवे चालू करायचे राहिले. अपाचे उभे राहिले, मी निर्धास्त झालो, आणि दहा मिनिटांनी एकाने कळवले की पानाऐवजी कोडच दिसतो आहे. त्या कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड होता. त्या रात्री सर्व पासवर्ड बदलले.

आता आपली किल्ली. तिच्यात दोष नाही. ती ज्या रीतीने सही करते त्या रीतीला नव्या दारात प्रवेश नाही. २२.०४ मध्ये एसएसएच चालवणारा ओपनएसएसएच ८.९ हा प्रोग्राम आहे, आणि ८.८ पासून शा-१ या जुन्या पद्धतीवर आधारलेली आरएसए प्रकारच्या किल्लीची सही ठरीव मांडणीत नाकारली जाते. तीच आरएसए किल्ली शा-२ या नव्या पद्धतीची सही करून चालते. पण ते ओपनएसएसएच ७.२ किंवा त्यापुढच्या यंत्राला जमते, आपल्या कार्यालयातील यंत्र त्याहून जुने दिसते. त्या यंत्राचे एसएसएच नवे करणे उत्तम. ते शक्य नसेल आणि त्यावर निदान ओपनएसएसएच ६.५ असेल, तर ईडी-२५५१९ प्रकारची नवी किल्ली तयार करा. सर्व्हरवर जुनी सही पुन्हा चालू करण्याची ओळ आपल्याला कोणीतरी सुचवेलच. ती घालू नका. एका जुन्या यंत्रासाठी सगळ्या मशिनचे दार सैल होते.

प्रश्न : सेंटओएस ७ या लिनक्सवर पॅकेजे बसवणारे ‘यम’ चालवले की मिरर, म्हणजे पॅकेजे पुरवणारा सर्व्हर, सापडत नसल्याची चूक येते. नेटवर्क ठीक आहे. काय करावे?

उत्तर : नेटवर्क ठीकच आहे, पलीकडे कोणी राहिलेले नाही. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली आणि मिररची यादी देणारा पत्ता बंद झाला. यमची मांडणी जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहाकडे, म्हणजे ‘व्हॉल्ट’कडे वळवली तर चूक जाईल आणि एखादे अडलेले पॅकेज बसवता येईल, पण त्या संग्रहात नव्या दुरुस्त्या कधीच येणार नाहीत. सेंटओएस ८ कडे तर पाहूही नका. तिची मुदत ७ च्याही आधी, ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपली. सेंटओएसची जागा घेणाऱ्या अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स यांच्या चालू आवृत्तीचे नवे मशिन घ्या आणि पहिल्या उत्तराप्रमाणे स्थलांतर करा.

प्रश्न : आमचे मशिन ४०० दिवस एकदाही रीबूट झालेले नाही आणि पॅकेजे मात्र दर आठवड्याला आपोआप अद्ययावत होतात. हे पुरेसे आहे ना?

उत्तर : डिस्कपुरते आहे, मेमरीपुरते नाही. नवे कर्नल (लिनक्सचा गाभा) डिस्कवर येऊन पडते, पण चालू असते ते ४०० दिवसांपूर्वीचे. लायब्ररींचेही तेच : ओपनएसएसएल अद्ययावत झाले तरी आधीपासून चालू असलेली सेवा रीस्टार्ट होईपर्यंत जुनीच प्रत धरून बसते. उबुंटूवर ‘व्हार-रन’ निर्देशिकेत ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची फाइल आहे का पाहा. आपल्याकडे ती नक्की असेल. रीबूटपूर्वी स्नॅपशॉट घ्या, कारण इतक्या दिवसांत कोणीतरी हाताने सुरू केलेली आणि बूटच्या वेळी सुरू व्हायची नोंद नसलेली एखादी सेवा परत उठणार नाही.

प्रश्न : स्थलांतर होऊन आठवडा झाला, गंगेत घोडे न्हाले. जुने मशिन आता काढून टाकावे का? शिवाय सभासदांना वर्गणीच्या आठवणीचे मेल दोनदा जात आहेत, त्याचे कारण कळत नाही.

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. जुने मशिन अजून जिवंत आहे आणि त्यातील क्रॉन आपले काम नेमाने करते आहे. एक मेल नवे मशिन पाठवते, दुसरा जुने. पत्ता फिरवला त्याच मिनिटाला जुन्या मशिनवरील क्रॉन थांबवायला हवे होते. आता ते थांबवा, आणि जुन्याच्या डेटाबेसात या आठवड्यात एखादी नोंद तर झाली नाही ना, हे शेवटच्या नोंदीची तारीख पाहून तपासा.

मशिन लगेच नष्ट करू नका, बंद करून ठेवा. महिन्याच्या शेवटी चालणारी कामे, म्हणजे हिशेबाचा अहवाल किंवा प्रमाणपत्राचे नूतनीकरण, अजून नव्या मशिनवर एकदाही झालेली नाहीत. ती एकदा नीट पार पडेपर्यंत थांबा. मग शेवटचा स्नॅपशॉट घेऊन मशिन काढून टाका. मशिन बंद केले तरी त्याची डिस्क आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेला आयपी पत्ता यांचे बिल अनेक सेवांवर चालूच राहते, तेव्हा त्या दोन्ही गोष्टी यादीतून वेगळ्या काढाव्या लागतील.